दोन हातांचा बॅकहँड : आधी डाव्या हाताला शिकवा

क्लबात सकाळी टेनिसची दुहेरी खेळणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगावी लागत नाही : समोरच्या जोडीत बॅकहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या उलट बाजूला आलेल्या चेंडूवरचा फटका, कुणाचा कच्चा आहे. दोन-तीन गेम झाले की सगळे चेंडू आपसूक त्याच्याकडे वळतात. आमच्या चौकडीत पाच वर्षं तो मान माझा होता. टेनिस मी चौतिशीत सुरू केलं. फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्याच बाजूचा फटका, वर्षभरात बसला, बॅकहँड काही केल्या बसेना. रॅकेट दोन्ही हातांनी धरायचो, मारायचो मात्र एकट्या उजव्याने. डावा हात करवलीसारखा नुसता सोबत जायचा.

एका रविवारी मुलीने माझं खेळणं मोबाइलवर टिपलं. घरी बघता बघता म्हणाली, "बाबा, तुझा डावा हात नुसता लटकलाय." पाच वर्षांत कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा दोन हातांचा बॅकहँड हा मुळात डाव्या हाताचा फोरहँड असतो. उजवा हात रॅकेटचं बूड सांभाळतो, दिशा थोडी धरून ठेवतो; जोर आणि फिरकी डाव्याची. पटत नसेल तर अर्जेंटिनाचा हुआन मार्टिन डेल पोत्रो आठवा. खेळाडू उजव्या हाताचा, पण २०१४ आणि २०१५ मध्ये त्याच्या डाव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाल्या आणि बॅकहँडची धारच गेली. २०१६ मध्ये तो परतला तेव्हा त्या बाजूचे बहुतेक चेंडू एका हाताने स्लाइस करत होता, म्हणजे रॅकेट वरून खाली आणत उलट्या फिरकीने मारत होता. तशा स्थितीत त्याने रिओ ऑलिंपिकचं रौप्यपदक मिळवलं ही त्याची कमाल; पण फटका अडला तो डाव्या मनगटामुळे.

पुढे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं वाचावं. त्यांना ही सवय जन्मापासून असतेच.

सुरुवातीला काय लागतं

नवं काही विकत घ्यायची गरज नाही. २८० ते ३०० ग्रॅमची साधी रॅकेट चालते. मुठीवर दोन्ही हात नीट मावतात का तेवढं बघा. डावा हात मुठीच्या वर उघड्या फ्रेमवर जात असेल तर ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवरची पातळ पट्टी, थोडी वरपर्यंत गुंडाळून घ्या. सरावाला मऊ पडलेले जुने चेंडू किंवा हिरव्या ठिपक्याचे चेंडू घ्या. हिरव्या ठिपक्याचा चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे पाव पटीने संथ असतो, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. मुलांचे चेंडू म्हणून लाजू नका.

आणि दोन हात म्हणजे कमजोरी, हा जुना समज कुणी ऐकवला तर १९७४ साल सांगा. त्या वर्षी फ्रेंच स्पर्धा ब्योर्न बोर्ग आणि ख्रिस एव्हर्ट यांनी जिंकली, विम्बल्डन जिमी कॉनर्स आणि पुन्हा एव्हर्टने. तिघांचाही बॅकहँड दोन हातांचा. एव्हर्टने दोन हात लावले ते लहानपणी रॅकेट एका हाताला पेलेना म्हणून.

पायरी १ : फक्त डावा हात

ग्रिप, पाय, खांदे हे सगळं नंतर. पहिला आठवडा एवढंच करा. सर्व्हिस लाइनवर, म्हणजे नेट आणि मागची रेघ यांच्या मधल्या आडव्या रेघेवर, उजवा खांदा नेटकडे करून उभे राहा. डाव्या हाताने रॅकेट धरा, पण मुठीच्या वरच्या अर्ध्या भागात. दोन हातांनी खेळताना तो जिथे येतो तिथेच. उजव्या हाताने चेंडू उजव्या पायाच्या पुढे सोडा, एक टप्पा पडू द्या आणि डाव्या हाताने हळूच नेटपलीकडे पाठवा. मारायचा नाही, पाठवायचा.

पहिले दोन दिवस हसू येईल. माझे चेंडू शेजारच्या कोर्टवर जात होते आणि तिथले काका ते न बोलता परत करत होते, हे जास्त लागायचं. वीस-वीस चेंडूंच्या तीन फेऱ्या, रोज. विसांतले चौदा-पंधरा पलीकडच्या सर्व्हिस बॉक्समध्ये पडायला लागले की पुढची पायरी. पण हा सराव सोडू नका. दोन वर्षं झाली, मी अजूनही खेळण्याआधी दहा चेंडू डाव्याने मारतो.

पायरी २ : ग्रिप

रॅकेटची मूठ अष्टकोनी असते. कड वर करून रॅकेट समोर धरा, हातोडीने खिळा ठोकताना हातोडी धरतो तशी. उजव्या तर्जनीच्या मुळाचा सांधा सगळ्यात वरच्या पैलूच्या लगेच उजवीकडच्या तिरक्या पैलूवर येईल. ही काँटिनेंटल ग्रिप, सर्व्हिस आणि व्हॉलीला (टप्पा पडू न देता मारायच्या फटक्याला) वापरतो तीच. आता डावा तळवा तारांवर सपाट टेकवा आणि तसाच खाली घसरवत मुठीवर आणून बोटं मिटा. डाव्याची करंगळी उजव्याच्या तर्जनीला चिकटलेली हवी. मध्ये फट नको, बोटं एकमेकांत गुंतवायची नाहीत.

उजवी मूठ सैल. इतकी की कुणी रॅकेट ओढली तर निसटेल. डावी त्याहून थोडी घट्ट. नवशिक्यांचं नेमकं उलटं असतं.

आपल्याकडे टेनिसला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी क्रिकेट खेळून आलेला असतो, त्याचा इथे गोंधळ होतो. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात दांड्याच्या टोकाकडे आणि उजवा पात्याकडे असतो. बॅकहँडला हात याच्या उलट हवेत, म्हणजे डावखुऱ्या फलंदाजासारखे. सांगलीची स्मृती मानधना मूळची उजव्या हाताची, पण फलंदाजी डावखुरी करते. तिचे हात बॅटवर जसे बसतात तसे तुमचे रॅकेटवर बसायला हवेत. गल्लीत गंमत म्हणून कधी डावखुरी बॅटिंग केली असेल तर ती आता कामाला येईल. मात्र क्रिकेटची एक सवय टाकावी लागते : चेंडू लागताच बॅट थांबवणं. बचावात्मक फटक्याला ते शोभतं. बॅकहँडमध्ये रॅकेट थांबली की चेंडू नेटमध्ये.

ग्रिप धरता येणं वेगळं आणि चालू रॅलीत बदलता येणं वेगळं. फोरहँडची ग्रिप बहुतेकांची अजून उजवीकडे वळलेली असते. चेंडू डावीकडे येतोय हे कळल्या क्षणी डाव्या हाताने रॅकेटची मान धरून ती किंचित फिरवायची आणि उजवा हात काँटिनेंटलवर आणायचा. हे घरी, बातम्या बघता बघता, पन्नास वेळा करा. मुठीकडे न बघता. घरचे वैतागतात, पण आठवडाभरात हात आपोआप जागेवर जायला लागतो.

पायरी ३ : खांदे वळवा

रंगपंचमीला बादलीभर पाणी कुणाच्या अंगावर फेकताना तुम्ही काय करता? नुसत्या मनगटांनी बादली हलत नाही. दोन्ही हातांनी ती एका बाजूला नेता, त्याबरोबर खांदे आणि कंबर वळते, मागच्या पायावर भार जातो, मग अंग उलट फिरतं आणि हात त्यामागून येतात. दोन हातांचा बॅकहँड तोच. पाणी लांब जावं असं वाटत असेल तर आधी अंग वळतं, हात नंतर.

कोर्टवर क्रम असा. समोरचा चेंडू मारत असतानाच टाचा उचलून एक छोटी उडी, जिला स्प्लिट स्टेप म्हणतात. चेंडू डावीकडे आला की डावा पाय बाहेरच्या बाजूला टेकवा आणि खांदे वळवा, इतके की समोरच्याला तुमची थोडी पाठ दिसेल. हनुवटी उजव्या खांद्यावर. रॅकेट खांद्यांबरोबर मागे जाते, वेगळी ओढायची नाही. हे सगळं चेंडू तुमच्या बाजूला टप्पा पडण्याआधी झालेलं हवं. 'उशीर' हा शब्द प्रशिक्षक दिवसातून शंभर वेळा ओरडतात तो याच क्षणाबद्दल, पण ऐकणाऱ्याला वाटतं फटका मारायला उशीर झाला. फटक्याला उशीर होतो कारण खांदे उशिरा वळलेले असतात.

टप्पा पडला की रॅकेटचं डोकं चेंडूच्या उंचीच्या खाली उतरू द्या आणि उजवा पाय चेंडूच्या दिशेने पुढे टाका. खालून वर जाणारी रॅकेट म्हणजे टॉपस्पिन, चेंडूला पुढच्या दिशेने मिळणारी फिरकी. त्यासाठी मनगटाची वेगळी कसरत लागत नाही.

पायरी ४ : चेंडू कुठे लागायला हवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बॅकहँडच्या बहुतेक तक्रारी इथून निघतात.

चेंडू लागायची जागा उजव्या पायाच्या थोडी पुढे, साधारण कमरेच्या उंचीवर. पण नुसतं 'पुढे' म्हणून अंगाला कळत नाही. त्यासाठी एक युक्ती. नेटच्या खांबाशी बाजूने उभे राहा, रॅकेटच्या तारा खांबाला हलकेच टेकवा आणि दोन्ही हातांनी ढकलून बघा. आधी खांब डाव्या कमरेसमोर ठेवून, मग पोटासमोर, मग उजव्या पायाच्या पुढे. पहिल्या जागी जोरच लागत नाही, खांदे मागे ढकलले जातात. शेवटच्या जागी सगळं अंग खांबामागे उभं राहिल्यासारखं वाटतं. तीच जागा. डोळे मिटून दोन-तीनदा ती पकडा. खांबाला रेटायचं आहे, ठोकायचं नाही. तारा तुमच्याच आहेत.

दुसरी गोष्ट चेंडूपासूनचं अंतर. दोन हातांमुळे पोच कमी होते, म्हणून आपण चेंडूच्या जवळ धावतो, आणि मग इतके जवळ जातो की कोपरं बरगड्यांना चिकटतात. माझा मोबाइलवरचा व्हिडिओ बघताना मला गर्दीच्या लोकलमध्ये खिशातून पास काढणारा माणूस आठवला. चेंडू लागताना दोन्ही कोपरं अंगापासून सुटलेली हवीत, उजवा हात बऱ्यापैकी सरळ, डावा किंचित वाकलेला. जवळ गेलोच तर शेवटची दोन पावलं लहान टाकून बाजूला सरायचं. मोठं पाऊल अंतर चुकवतं.

तिसरी, डाव्या तळव्याची दिशा. चेंडू लागताना डावा तळवा लक्ष्याकडे असतो. क्रॉसकोर्ट, म्हणजे कोर्टात तिरका, मारायचा तर तळवा त्या तिरक्या कोपऱ्याकडे. याहून सोपी खूण मला सापडलेली नाही.

सरावासाठी क्लबातल्या मार्करची, म्हणजे तासाच्या पैशांवर आपल्याशी खेळणाऱ्या सरावगड्याची, मदत घ्या. पण त्याला बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेवरून, चेंडू मारायला लावू नका. त्याने तुमच्या पुढे तीन-चार हातांवर बाजूला उभं राहून चेंडू हाताने सोडायचा, तुम्ही मारायचा. मार्करला हे कंटाळवाणं वाटतं, त्यामुळे तो पाचव्या मिनिटाला "आता रॅली करू या" म्हणेल. वीस मिनिटं तरी नाही म्हणा.

पायरी ५ : शेवट

रॅकेट उजव्या खांद्यावरून मागे जाते. डावं कोपर समोरच्याकडे रोखलेलं, बेंबी नेटकडे, मागच्या पायाची टाच उचललेली. या स्थितीत एक क्षण थांबून बघा. तोल जात असेल तर आधीच्या पायऱ्यांत काहीतरी बिघडलं आहे. शेवट सुधारून ते सुधारत नाही. बोर्ग चेंडू लागल्यावर डावा हात सोडून द्यायचा, ते बघून सुरुवातीलाच तसं करायला जाऊ नका. डावा हात लवकर सोडणं हीच तर आपली मूळ खोड.

भिंत, पाऊस आणि आरसा

पुण्यातल्या लाल मातीच्या कोर्टांवर पावसाळ्यात पाणी साचलं की दिवसचे दिवस खेळ बंद. बॅकहँड दुरुस्त करायला हा काळ उत्तम, कारण सामने नसतात आणि हरायची भीतीही नसते. छप्पर असलेली भिंत मिळाली तर जमिनीपासून ३ फुटांवर खडूने रेघ ओढा. नेटची मध्यावरची उंची तेवढीच. भिंतीपासून वीसेक फुटांवर उभे राहून रेघेच्या दोन-तीन फूट वर मारा. चेंडूचे दोन टप्पे पडले तरी चालतील. भिंत तुमच्याइतक्याच जोराने परत देते, त्यामुळे जोर केला की तीच शिक्षा करते.

भिंत नसेल तर आरशासमोर रिकामी रॅकेट फिरवा. आम्ही इमारतीच्या पार्किंगमध्ये करायचो. वॉचमनला वाटायचं मी डास मारतोय.

कोर्टवर चुका कशा ओळखाल

चेंडू उंच उडून बाहेर जातोय : उजवा हात फोरहँडच्याच ग्रिपमध्ये राहिलाय, त्यामुळे रॅकेट आकाशाकडे उघडते. नेटमध्ये जातोय : रॅकेटचं डोकं चेंडूखाली गेलंच नाही, किंवा गुडघे ताठ आहेत. क्रॉसकोर्ट मारायला जाता आणि चेंडू डाव्या साइडलाइनबाहेर पडतो : चेंडू मागे लागतोय, म्हणजे पुन्हा खांदे. जोरच येत नाही : बहुतेक वेळा डावा हात पुन्हा करवली झालेला असतो. पायरी १ वर परत जा आणि दहा चेंडू मारून या. एका वेळी एकच चूक हातात घ्या. चारही धरल्या तर सर्व्हिससुद्धा विसराल, मी विसरलो होतो.

अवघड चेंडू

खाली राहणाऱ्या चेंडूला कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवा, मागचा गुडघा जमिनीजवळ जाऊ द्या. खांद्याइतका उंच चेंडू आला तर दोन पावलं मागे जाऊन तो खाली उतरू द्या. चेंडू वर चढत असतानाच मारायचा प्रकार सध्या टीव्हीवरच बघा. फार लांबच्या चेंडूला डावा हात सोडून एका हाताने स्लाइस करायला लाज नको. काँटिनेंटल ग्रिप आधीच हातात असते, त्यामुळे हा पर्याय फुकट मिळतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणाऱ्या आपल्या जोडीत दोन्ही प्रकार होते : ऋतुजा भोसले दोन हातांनी बॅकहँड खेळणारी, रोहन बोपण्णा एका हाताने.

दिशेबाबत सुरुवातीचे काही महिने एकच नियम ठेवा, क्रॉसकोर्ट. नेट मध्यावर ३ फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट असते, आणि एकेरीच्या कोर्टाचा कर्ण सरळ लांबीपेक्षा साधारण साडेचार फुटांनी जास्त. नेट बुटकं आणि जागा जास्त, वर चेंडू समोरच्या उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडवर जातो. डाउन द लाइन, म्हणजे साइडलाइनला धरून सरळ, तेव्हाच, जेव्हा तुम्ही स्थिर उभे आहात आणि चेंडू सोपा आहे. दुहेरीत नेटवरचा गडी सारखा मध्ये घुसत असेल तर त्याच्या मागून एखादा सरळ मारा. मग तो जागेवर राहतो.

दुखलं तर

डाव्या मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दुखायला लागलं तर आठवडाभर थांबा. ज्या हाताने आयुष्यभर काही मारलं नाही त्याच्याकडून एकदम शंभर-शंभर फटके काढले की असं होतं. डाव्या हाताचे चेंडू रोज पाच-पाचने वाढवा, एकदम नाही. आठवड्यानंतरही दुखत असेल तर दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

सामन्यात कधी आणायचा

पहिले तीन-चार आठवडे नवा बॅकहँड सामन्यात जुन्याहून वाईट चालेल. जोडीदाराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो दुसरा जोडीदार शोधेल. नवा बॅकहँड आधी सर्व्हिस परत करताना वापरा, तेही दुसऱ्या सर्व्हिसवर. तिथे चेंडू संथ असतो आणि कुठे येणार याचा अंदाज असतो. रॅलीत घाई झाली की सरळ स्लाइस. गुण ४०-३० असताना प्रयोग नाही.

आमच्या चौकडीने माझ्या बॅकहँडचा नाद आता सोडला आहे. हल्ली सगळे डोक्यावरून लॉब टाकतात.